तेरावा वसंत

भूनिद्रा केंद्रात वसंत नळीतून यायचा. बाहेर इलिनॉयच्या रानात झाडांना पालवी फुटो न फुटो, एप्रिल संपता संपता परिचारिका प्रत्येक पेटीपाशी जायची आणि झोपलेल्याच्या दंडातल्या नळीत साखर, क्षार आणि अमिनो आम्लांचं कोमट मिश्रण सोडायची. या मिश्रणाला वसंतमात्रा म्हणत. नातेवाईक काचेबाहेर उभे राहून हात जोडायचे. कुणी फुलं आणायचं, कुणी केक आणायचं. पाटसकरांकडून दरवर्षी शिरा यायचा.

यंदा मल्हार पाटसकरची तेरावी मात्रा होती, आणि शिऱ्याचा डबा उघडायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"दादा कसा दिसतोय गं?" आईने विचारलं. आई सत्तरीला टेकली होती. काचेपलीकडचं तिला आता नीट दिसत नसे.

"तसाच," रेवा म्हणाली.

तसाच म्हणजे एकोणीस वर्षांचा. ओठावर मिशीची रेघ, तीही मिशी म्हणावी की नाही अशी. तो झोपला तेव्हा रेवा चौदा वर्षांची होती आणि दादाला वर मान करून बघायची. आज ती सत्तावीस वर्षांची होती. दर भाऊबीजेला ती इथे येई, काचेबाहेरून, न पेटवलेल्या निरांजनाने त्याला ओवाळी, आणि निघताना न चुकता म्हणे, "येते रे दादा."

मल्हारला मज्जातंतूंचा आजार होता. बोटांच्या टोकांपासून सुरुवात करून वर्षभरात श्वासापर्यंत पोचणारा. औषध शोधणारे म्हणाले होते, पंधरा वर्षं तरी लागतील. म्हणून त्याला सतरा वर्षांची झोप दिली. औषधवाल्यांनी शब्द पाळला होता; आणखी दोन वर्षांत औषध हातात पडणार याबद्दल आता कुणालाच शंका नव्हती. शंका होती ती झोपेबद्दल.

माणसाला वर्षानुवर्षं झोपवता येतं, पण बाहेरून उठवता येत नाही, हे वैद्यकाला फार मोठी किंमत मोजून कळलं होतं. यंत्राने उठवलेली माणसं डोळे उघडत, पण डोळ्यांमागे कुणी नसे. उठायची वेळ झाली हे शरीराला आतूनच वाटायला हवं. वर्षं मोजून स्वतःहून उठणारा प्राणी पृथ्वीवर शोधू लागल्यावर शास्त्रज्ञांना तो एका किड्यात सापडला. तो किडा म्हणजे सिकाडा.

सिकाडा म्हणजे रातकिडा नव्हे. सह्याद्रीच्या रानात ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी झाडंच्या झाडं करवत चालवल्यासारखी कर्र वाजतात, ती याच मंडळींची करामत. त्यांचे अमेरिकेतले काही भाऊबंद मात्र जगावेगळे. त्यांची पिल्लं जमिनीत शिरतात, मुळांचा रस पीत अंधारात बसतात आणि वर्षं मोजतात. दर वसंतात झाडाचा रस जोमाने चढतो. पिल्लाला ते कळतं आणि त्याच्या पेशींतल्या प्रथिनांच्या एका साखळीत एक मणी वाढतो. या साखळीचं नाव वर्षमाळ. जप करताना मेरुमणी लागला की माळ पुरी झाल्याचं बोटांना कळतं, तसं वर्षमाळ पुरी झाली की किड्याच्या अंगाला कळतं, आणि लाखो किडे एकाच आठवड्यात जमिनीबाहेर येतात. ही माळ माणसाच्या पेशींत रुजवता आली तेव्हा भूनिद्रा जन्माला आली. मात्रेगणिक एक मणी. तीच मात्रा झोपलेल्याचं वर्षभराचं अन्न असल्यामुळे ती चुकवण्याची सोय नव्हती.

मल्हारची माळ सतरा मण्यांची होती. निदान गेल्या हिवाळ्यापर्यंत सगळे तसंच धरून चालले होते.

हिवाळ्यात डॉ. मृणाल वैरागडे यांनी तोंड उघडलं. मृणालताई मूळच्या नागपूरच्या. अख्खी हयात सिकाडांच्या वर्गीकरणात घातलेली आणि स्वभावाने फटकळ. मल्हारच्या गटातल्या सगळ्यांना ज्या किड्यांची वर्षमाळ दिली होती, ते किडे सतरावर्षी होते कशावरून, असा प्रश्न त्यांनी भर सभेत विचारला, आणि केंद्रातल्या भल्याभल्यांची बोबडी वळली.

"दुष्काळात तेरावा महिना," आई तेव्हा म्हणाली होती. आजही ती काचेला हात लावून तेच पुटपुटली. मग रेवाकडे वळून म्हणाली, "तू जा मृणालताईंबरोबर रानात. इथे बसून नखं खाण्यापेक्षा बरं."

"आणि तू?"

"मी बसते याच्यापाशी. सतराच निघू दे गं बाई."

रेवाने आईकडे पाहिलं. आईचं हृदय थकलं होतं. दोन वर्षं, फार तर तीन, असं डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून सांगितलं होतं. माळ तेराची निघाली तर आईला मल्हार भेटणार होता, बोलणार होता, आणि, एकदा उठलेल्याला पुन्हा झोपवता येत नसल्यामुळे, वर्षभरात तिच्या डोळ्यांदेखत जाणार होता. सतराची निघाली तर तो जगणार होता, पण आई बहुधा तेव्हा नसणार होती. आईने मागताना जराही वेळ घेतला नव्हता. रेवाला मात्र काय मागावं ते कळत नव्हतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती.

"येते रे दादा," ती म्हणाली आणि निघाली.

मृणालताईंची गाडी मक्याच्या सपाट शेतांमधून चालली होती. वय झालं तरी गाडी स्वतः चालवायची हा त्यांचा हट्ट.

"ताई, मला अजून एक कळत नाही," रेवा म्हणाली. "एवढ्या मोठ्या केंद्राला साधा किडा ओळखता आला नाही?"

"साधा?" मृणालताईंनी भुवया चढवल्या. "ऐक आता. मुळात सतरावर्षी जात. त्यांच्यातल्या काहींनी कोण जाणे किती हजार वर्षांपूर्वी चार वर्षं आधीच उठायला सुरुवात केली, आणि तेरा वर्षांवरच टिकले. ते झाले तेरावर्षी. दोघं दिसायला सारखे. लाल डोळे, काळी पाठ, पोटावर नारिंगी पट्टे. जनुकं ओळीनं वाचली तरी फरक सापडत नाही. माळेचे मणी सारखे, दोरा सारखा. गाठ कुठे पडते ते माळ संपल्यावरच समजते."

"मग ओळखायचं कसं?"

"सोपं असते न बाई. कोणत्या वर्षी निघाला ते पाहायचं. सतरावर्षींच्या वर्षी निघाला तर सतरावर्षी. पण तुझा दादा झोपला त्या वर्षी काय झालं? दोन्ही टोळ्या एकाच वसंतात निघाल्या. तेरा आणि सतरा यांचा मेळ दोनशे एकवीस वर्षांनी एकदा बसते, तो नेमका त्याच वर्षी. आणि यांचा माणूस किडे गोळा करायला गेला तो नेमका दोन्ही टोळ्यांच्या शिवेवरच्या रानात!"

"पण आवाजावरून कळलं नसतं?"

"कळलं असतं. पण यांना कोवळे किडे पाहिजे होते, त्यांची माळ स्वच्छ मिळते म्हणून. कात टाकली की उचलून बर्फात. गायला तोंड उघडू दिलं नाही बिचाऱ्यांना." त्या जरा थांबल्या. "तोंडानं गात नाहीत म्हणा ते, पोटानं गातात. माझ्याही जिभेला हाड नाही."

रेवाला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून बरं वाटलं.

प्रश्न नुसता कुतूहलाचा असता तर गोष्ट वेगळी होती. माळ तेराची असेल, तर झोपलेल्यांना याच आठवड्यात उबेच्या खोलीत न्यायला हवं होतं. नाहीतर गारठलेल्या शरीरात मन जागं होईल आणि माणूस त्या पेटीतच जाईल. माळ सतराची असेल आणि ऊब दिली, तर अर्धवट झोपेत रक्त साकळेल आणि माणूस तसाही जाईल. मधला मार्ग नव्हता. केंद्राने उद्या सकाळपर्यंत उत्तर मागितलं होतं.

रान शेतांच्या मधोमध उरलेलं होतं, ओक आणि हिकरीच्या झाडांचं. त्या वर्षी इथे गोळा न केलेल्या किड्यांनी अंडी घातली होती, आणि त्यांची पिल्लं तेव्हापासून याच मातीत रस पीत बसली होती. ती तेरावर्षी असतील तर यंदा निघणार, सतरावर्षी असतील तर नाही. मृणालताईंनी या दिवसाची वाट बघितली होती ती यासाठीच.

गाडीतून उतरताच रेवाने पाहिलं. ओकच्या बुंध्याला एक रिकामी कात चिकटली होती. तपकिरी, पाठीवर चिरलेली. पुढच्या झाडाला आणखी दोन.

"निघालेत," ती म्हणाली.

"निघालेत खरे," मृणालताई सावकाश म्हणाल्या. "पण किती? टोळी निघाली की झाड दिसत नाही कातींनी, आणि शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. इथे तू माझं ऐकून राहिली न?"

झाडांत पाखरांची मात्र चंगळ चालली होती. लाखो किडे एकदम निघाले तर पाखरं खाऊन खाऊन कंटाळतात आणि उरलेले वाचतात. एकटादुकटा निघाला तर तो घास होतो. रेवाच्या डोळ्यांसमोर एका पाखराने एक किडा उचलला, फांदीवर आपटला आणि पंख टाकून दिले. तिने मान फिरवली.

"हे दोनांतलं एक असू शकते," मृणालताई खांद्यावरची पेटी उतरवत म्हणाल्या. "एक तर तेरावर्षींच्या टोळीची ही कड, म्हणून विरळ. नाहीतर हे चुकार आहेत."

"चुकार?"

"सतरावर्षीच, पण मोजणी चुकलेले. हिवाळ्यात मध्येच ऊब पडली, झाडाला दोनदा पालवी फुटली, की मातीतल्या एखाद्याचा मणी जास्त पडते. चुकले की बहुतेक चार वर्षांनीच चुकतात. उगाच नाही त्यांच्यातून तेरावर्षी निघाले. तेव्हा दिसण्यावर जायचं नाही. कान उघडे ठेव."

मग त्यांनी खूण सांगितली. या भागात तेरावर्षींची आणखी एक जुनी जात राहते, पोटाने सगळी नारिंगी, खर्जात गाणारी. शेजारी राहून दोघांचं गाणं सारखं झालं तर चुकीची लग्नं लागतील. म्हणून इकडच्या नव्या तेरावर्षीने आपली पट्टी चढवली. सतरावर्षीला ही अडचण कधी आलीच नाही. दोनशे एकवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या शेजाऱ्यासाठी कोण आपला सूर बदलतो? तो आपला मधल्या पट्टीतच गात राहिला. सतरावर्षीचा सूर सा धरला, तर नव्या तेरावर्षीचा वरचा मध्यम.

ऊन तापलं तसा एक नर गायला लागला. वीऽऽऽ करून लांब सूर आणि शेवटी खाली उतरणारी मींड. रेवाने मृणालताईंकडे पाहिलं. त्यांच्या हातातल्या यंत्रावरची रेघ वर होती. मध्यमापर्यंत नाही, पण सा सोडून बरीच वर.

म्हणजे तेरा, रेवाच्या मनात आलं. त्याच क्षणी आई दादाच्या केसांतून हात फिरवते आहे असंही तिला दिसलं, आणि ते चित्र तिला हवंसं वाटलं. तिने डोळे मिटून घेतले.

"इतक्यात धीर सोडू नको," मृणालताई म्हणाल्या. "अंगानं बारका नर जरा वरच गाते. नराचं काय, ऊन चढलं तरी त्याचा सूर हलते. मादी पक्की असते. तिला आपल्या जातीचाच सूर लागते. दुसऱ्याला ती भीक घालत नाही."

मादी गात नाही. मनासारखा सूर संपला की ती क्षणभर थांबून पंख झटकते, आणि चुटकी वाजवल्यासारखा चट् आवाज होतो. बस, तेवढाच होकार. मृणालताईंनी जाळीच्या पिशवीत एक मादी घेतली आणि यंत्रातून चढ्या पट्टीतला सूर वाजवला. काही नाही. मधल्या पट्टीतला वाजवला. काही नाही. पुन्हा चढी. पुन्हा मधली.

"वाजलं!" रेवा ओरडली. "आत्ता चट् झालं!"

"काडी मोडली तुझ्या पायाखाली."

"नाही, मी ऐकलं, मधल्या सुरानंतर..."

"रेवा," मृणालताई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता. "तुला ऐकायचं आहे म्हणून ऐकू आलं. मलाही ऐकायचं आहे. चूक ठरली तर एवढी माणसं माझ्या एका चट्वर जातील. ही मादी अजून कोवळी आहे. बसू आपण."

त्या बसल्या. ऊन पानांतून खाली सरकत गेलं. रेवाने डबा उघडून पोळीचा तुकडा तोंडात टाकला आणि तो कसला लागतो तेही तिला कळलं नाही. मृणालताई पुटपुटत एकेक मादी शोधत होत्या, पाखरांना शिव्या घालत होत्या. शेवटी हिकरीच्या खालच्या फांदीवर एक टपोरी मादी मिळाली. पंख कडक, डोळे लालभडक.

चढा सूर. वीऽऽऽ. मादी दगडासारखी बसून.

मधला सूर. वीऽऽऽ, आणि शेवटची मींड.

चट्.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. मृणालताईंनी पुन्हा चढा सूर लावला. मादी गप्प. पुन्हा मधला. चट्. आणि मग जणू मनाची खात्री पटल्यासारखी ती दोन पावलं यंत्राच्या दिशेने चालली. दुसरी मादी शोधली. तिनेही चढ्याला भीक घातली नाही आणि मधल्याला होकार दिला. तिसरीने तर सूर पुरता संपायच्या आधीच पंख झटकले, तेव्हा मृणालताई मोठ्याने हसल्या.

"घाई बघ हिची! म्हणूनच चार वर्षं आधी आली बया." आणि त्या मटकन खाली बसल्या, पालापाचोळ्यातच. चष्मा काढून पदराने डोळे पुसू लागल्या. "सतरावर्षी. चुकार आहेत सगळे, पण जात सतरावर्षी. न बाप्पा, सहा महिने झोप नव्हती मला. आपणच प्रश्न काढायचा आणि आपणच घाबरायचं."

रेवा त्यांच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. दादा जगणार होता. हेच तिला हवं होतं. सकाळपासून न कळलेली गोष्ट तिला आता स्पष्ट कळत होती, आणि तिची लाज कुठल्या कुठे गेली होती.

परतताना मात्र तिने विचारलं, "ताई, दादाही चुकार निघाला तर?"

"तो काय झाडाला बसला आहे? हे फसतात, कारण झाड फसते. तुझ्या दादाला वसंत एकदाच येते, नर्स आणते तेव्हा. तेरा मात्रा, तेरा मणी. जास्तीचा मणी पडेल कुठून? मग झालं तर."

केंद्राला त्यांनी वाटेतूनच कळवलं. उबेच्या खोल्यांचे दिवे तिथे तयारीला म्हणून लागले होते, ते एकेक करून विझवले गेले.

आई होती तिथेच बसली होती. रेवाचा चेहरा पाहूनच तिला कळलं. "सतरा?" तिने विचारलं, आणि रेवाने मान हलवताच ती लहान मुलीसारखी टाळी वाजवून हसली. "चला, सुटलो! अगं, तो शिऱ्याचा डबा कुठे आहे? या हो मृणालताई, तुमचं तोंड गोड झाल्याशिवाय जायचं नाही."

डब्यात आता नवा शिरा होता, दुपारी केंद्राच्या स्वयंपाकघरात केलेला. आई अशी, की उत्तर काहीही आलं तरी लोकांना भूक लागणारच, हे तिने धरलेलं. परिचारिका आल्या, शेजारच्या पेट्यांचे नातेवाईक आले. त्या शांत जागेत पहिल्यांदाच गलका झाला. एक गृहस्थ रडता रडता दुसरी वाटी मागून घेऊन गेले. मृणालताईंनी बोटं चाटून पुसली आणि किड्यांची नावं घेत सगळ्यांना तीच गोष्ट पहिल्यापासून सांगितली.

गर्दी ओसरल्यावर आईने रेवाला जवळ बोलावलं.

"तो उठला ना, की पहिल्यांदा शिरा कर. पातळसर कर, घशाला त्रास होईल. आणि बेदाणे घालू नकोस. त्याला आवडत नाहीत."

"मला माहीत आहे. आणि तूच करशील की."

"माझी माळ तेवढी पुरायची नाही गं," आई अगदी सहज म्हणाली. चेहऱ्यावर मघाचंच हसू होतं. "पुरली तर उत्तम, बेदाणे मीच वेचून काढीन. पण तू शिकून ठेव. आणखी एक. तो घाबरेल. एकदम सगळं बदललेलं बघून पोरगं घाबरेल. त्याला एकटं सोडू नकोस. त्याचा हट्ट पुरव थोडा, अगदीच ऐकेना तर ओरड. तो तोंड फुगवून बसतो, पण फार वेळ नाही."

"हो," रेवा म्हणाली. तिला रडू येत नव्हतं. आईच्या तोंडून एकेक गोष्ट ती ऐकून घेत होती, आणि नव्या घराच्या किल्ल्या घेताना सूचना ऐकाव्यात तशी नीट लक्षात ठेवत होती.

आई चप्पल शोधायला उठली तेव्हा रेवा काचेपाशी गेली. मल्हारचा चेहरा दिव्याच्या निळसर उजेडात शांत होता. केस कपाळावर आलेले. एवढंसं पोर, तिच्या मनात आलं. किती कोवळं आहे. चार वर्षांनी हे डोळे उघडेल आणि समोर कुणालातरी शोधेल. थंडी तर वाजत नसेल ना याला? पेटीवरचा तापमानाचा आकडा तिने उगाचच वाकून पाहिला. आकडा बरोबर होता.

"काही झालेलं नाही," तिने काचेवर तळहात ठेवून हलकेच सांगितलं. "सगळं ठीक आहे. झोप बाळा. उठशील तेव्हा मी इथेच असेन."

मग तिने आईचा हात धरला आणि दोघी सावकाश दाराकडे निघाल्या. दार ओलांडल्यावर रेवाच्या लक्षात आलं की आज निघताना ती दादा म्हणाली नव्हती.